मेस लावायची की सुटं ताट? आधी खाडे मोजा

सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचं माझं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी डोळे झाकून मेस लावायचो आणि महिनाअखेर कार्डावरचे कोरे चौकोन मोजत बसायचो. आता दर १ तारखेला वहीच्या मागच्या पानावर एक असमानता मांडतो.

आमच्या मेसच्या मावशींचा दर असा: महिन्याचे ३००० रुपये, सुटं ताट ७० रुपये. रविवारी रात्री मेस बंद. म्हणजे ३० दिवसांत चार रविवार धरले तर ६० नाही, ५६ जेवणं. हे चार वजा करायला विसरलात तर मेस उगाच स्वस्त दिसते.

किती वेळा जेवणार हे आधी सांगता येत नाही, पण खाडे बऱ्यापैकी सांगता येतात: उपास, लग्नं, पार्ट्या. म्हणून अज्ञात संख्या खाड्यांचीच घ्या, तिला ख म्हणा. सुट्या ताटांचा खर्च मेसपेक्षा जास्त होत असेल तरच मेस परवडते:

७०(५६ − ख) > ३०००
३९२० − ७०ख > ३०००
−७०ख > −९२०

इथे जपून. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं: ख < १३.१४. मी एकदा ते उलटवायला विसरलो आणि ‘खाडे १३ पेक्षा जास्त झाले तर मेस लावा’ असं उत्तर आलं! शंका आली तर ख = ० टाकून बघा. एकही खाडा नसेल तर मेस परवडणारच, तेव्हा उत्तरात शून्य बसलाच पाहिजे.

खाडा अर्धा नसतो, म्हणून १३ पर्यंत मेस, १४ झाले की सुटं ताट. गावी जाताना आधी सांगितलं आणि मेसवाले पैसे कापून देत असतील, तर उजवीकडचे ३००० तेवढ्याने कमी करून पुन्हा सोडवा.

या महिन्यात माझे गुरुवारच्या उपासांचे ८, मावसभावाच्या लग्नाचे ४, पार्ट्यांचे २. झाले १४. मावशींना म्हटलं, “या महिन्यात सुटंच जेवतो.”

“जेव की. पण रविवारची फीस्ट सुट्या ताटाला शंभर हं.”

फीस्ट मी चुकवत नाही. चार रविवारचे ३० प्रमाणे १२० डावीकडे वाढले: ४०४० − ७०ख > ३०००, म्हणजे ख < १४.८६. मुकाट्याने ३००० मोजले.