स्वतःच्या स्वप्नाचा माग कसा काढावा: फ्रॉइडची पद्धत

स्वप्नात साप दिसला की अमुक होणार, दात पडला की तमुक होणार, हे स्वप्नफल आपल्याकडे पंचांगांतून आणि घरातल्या मोठ्यांच्या तोंडून चालत आले आहे. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. सापाचा अर्थ सापात नसतो. ज्याला तो दिसला त्याला त्यावरून काय काय आठवते, त्यात असतो. स्वप्नांवरच्या आपल्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत त्याने प्रतीकांची बरीच भर घातली, पण ती मदतीला. मुख्य साधन शेवटपर्यंत एकच राहिले: मुक्त साहचर्य, म्हणजे मनात येईल ते न गाळता बोलत किंवा लिहीत जाणे.

हे पुस्तक नोव्हेंबर 1899 मध्ये बाजारात आले, त्यावर साल मात्र 1900 छापलेले होते. त्यात नमुना म्हणून सोडवलेले पहिले स्वप्न त्याचे स्वतःचेच, 24 जुलै 1895 च्या पहाटेचे आहे. त्याने ते अखंड न घेता तुकड्यातुकड्याने घेतले. आपणही तसेच करायचे आहे.

स्वप्न पकडणे

उशीशेजारी वही-पेन ठेवा. मोबाइलवर लिहू नका, कारण स्क्रीन उघडताच ऑफिसच्या ग्रुपवरचे निरोप डोळ्यांपुढे येतात आणि स्वप्न निसटते. जाग आल्यावर कूस न बदलता मिनिटभर पडून राहा आणि शेवटच्या दृश्यापासून मागे मागे जा. ठळक स्वप्ने बहुधा रेम झोपेत (बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात त्या झोपेत) पडतात आणि पहाटेकडे या झोपेचे टप्पे लांबत जातात. म्हणून 5:12 च्या लोकलसाठी गजर लावून दचकून उठणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवसाचे स्वप्न निवडावे.

वहीच्या डाव्या पानावर स्वप्न वर्तमानकाळात लिहा आणि उजवे पान कोरे ठेवा. स्वप्नातले कोणी मालवणीत बोलले असेल तर मालवणीत, हिंदीत बोलले असेल तर हिंदीत उतरवा. अबोध मन, म्हणजे जाणिवेपलीकडचे मन, शब्दांच्या आवाजावरही काम करते, त्यामुळे वाक्य शुद्ध केले की धागा तुटतो. दुसरी चूक याहून जास्त वेळा होते: तुटक स्वप्नाची सलग गोष्ट बनवणे. मन हे जागे होता होताच करू लागते. फ्रॉइड त्याला दुय्यम संस्करण म्हणतो. दोन दृश्यांमध्ये काही आठवत नसेल तर तिथे रेघ मारा.

तुकडे आणि साहचर्य

हे काम त्याच दिवशी करा. चाळीस मिनिटे आणि एकांत हवा. वन रूम किचनमध्ये एकांत कुठून आणायचा, हा प्रश्न मुंबईत खराच आहे. शिवाजी पार्कचा कट्टा किंवा ग्रंथालयाची वाचनखोली घरापेक्षा बरी. वही कोणी वाचेल ही भीती असेल तर हात आपोआप गाळून लिहितो, म्हणून वही कुलपात ठेवा.

आधी कालच्या दिवसातल्या पाच-सहा गोष्टी लिहा, क्षुल्लक वाटणाऱ्याही. प्रत्येक स्वप्नाचे एक टोक आदल्या दिवसात असते, असे फ्रॉइड मानत असे. मग स्वप्नातली माणसे, जागा, वस्तू, बोललेले शब्द आणि भावना सुट्या करा. प्रत्येक तुकड्यावर उजव्या पानावर तीन ते पाच मिनिटे न थांबता लिहा. ‘हे फालतू आहे’, ‘याचा इथे काय संबंध’, ‘हे कसं लिहू’ यांपैकी काही मनात आले की तीच ओळ आधी लिहायची. हा प्रतिरोध आहे, म्हणजे नको ते बाहेर येऊ नये म्हणून मनाने केलेली अडवणूक. ज्या तुकड्यावर पेन अडते तिथे दुप्पट वेळ द्या.

समजा, डोंबिवलीहून येऊन दादरला गाडी बदलणाऱ्या, परळच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका बाईंचे स्वप्न असे आहे: ‘दादर येतं, पण लोकल थांबत नाही. माझ्या हातातल्या डब्याचं झाकण निघालंय. समोर शाळेतल्या बाई बसल्यात, पण चष्मा आमच्या ऑफिसातल्या मॅडमचा. त्या म्हणतात, तुझं नाव यादीत नाही. मला एकदम हायसं वाटतं.’

शाळेतल्या बाई आणि मॅडम एकाच चेहऱ्यात आल्या, याला संक्षेपण म्हणतात. डबाही तसाच: रोज पहाटे भरायचे डबे आणि लेडीज डबा, दोन्ही त्यात आहेत. साहचर्यात निघते की ऑफिसात प्रमोशनची यादी लागायची आहे. लहानपणी स्नेहसंमेलनाच्या यादीतून नाव कटले तेव्हा सगळ्यांसमोर रडू आले होते, पण आतून सुटल्यासारखे वाटले होते. या स्वप्नात भावनेचा तुकडा सर्वांत मोलाचा. चित्रे वेष बदलतात, भार एका गोष्टीवरून दुसरीवर सरकतो (हे विस्थापन), पण भावना बरेचदा आहे तशीच राहते. स्टेशन चुकल्यावर हायसे वाटणे जुळत नाही, म्हणून विचारायचे: हे हायसे वाटणे मुळात कशाबद्दलचे?

दिवसा या बाई म्हणतात, ‘प्रमोशन मिळालंच पाहिजे.’ स्वप्नात मात्र नाव नसावे ही इच्छा आहे आणि ती स्वतःच्या तोंडून न येता शाळेतल्या बाईंच्या निकालातून येते. फ्रॉइडने 1923 मध्ये मांडलेल्या रचनेत सांगायचे तर इदम् (आदिम इच्छांचा भाग) सुटका मागते, पराहम् (आतला नैतिक पहारेकरी) शिक्षिकेच्या आवाजात बोलते आणि अहम् (व्यवहार सांभाळणारा ‘मी’) दोघांचे जुळवून नकार बाहेरून आल्यासारखा दाखवतो. हीच तडजोड त्या जागेपणीही करत असतील, उदाहरणार्थ अर्ज मुद्दाम नसल्यासारखा उशिरा भरून. व्यक्तिमत्त्वाचा सिद्धांत इथे उपयोगी पडतो: एका स्वप्नातली चाल रोजच्या वागण्यात शोधता येते.

अर्थ बरोबर आहे हे कसे ओळखावे

‘अगदी बरोबर!’ असे वाटणे हा पुरावा नाही, आणि ‘छे, असं काही नाही’ हाही नाही. 1937 च्या एका निबंधात फ्रॉइडने हे स्पष्ट केले आहे. अर्थ सुचल्यावर पुढच्या एक-दोन दिवसांत न बोलावता नवी आठवण किंवा जोडलेले नवे स्वप्न आले, तर दिशा ठीक आहे. काहीच आले नाही तर अर्थ खोडा.

आणखी एक युक्ती त्याचीच. संध्याकाळी डावे पान न बघता स्वप्न पुन्हा लिहा आणि ताडून पाहा. जिथे शब्द बदलले, तिथे मूळ अर्थावरचा वेष विरलेला असतो. साहचर्य पुन्हा तिथूनच सुरू करा.

प्रत्येक स्वप्न ही इच्छापूर्तीच, हा त्याचा दावा आज जसाच्या तसा टिकत नाही. 1977 मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली या मानसोपचारतज्ज्ञांनी स्वप्नाचा उगम मेंदूच्या खोडातल्या हालचालीत दाखवणारा सिद्धांत मांडला. तरी पद्धत बाद होत नाही असे आमचे ठाम मत आहे: चित्रे कुठूनही उठोत, त्यांना चिकटलेल्या आठवणी आपल्याच असतात. मात्र प्रत्येक खांबाला आणि बोगद्याला लैंगिक अर्थ लावणे सोडा, ते स्वप्नफलाचेच दुसरे रूप आहे. नवऱ्याचे, बायकोचे, मुलांचे स्वप्नही सोडवू नका, कारण त्यांची साहचर्ये तुमच्याकडे नाहीत.

कुठे थांबावे

एका बैठकीत सगळे उलगडत नाही. जिथे धागे फारच गुंततात त्या जागेला फ्रॉइड स्वप्नाची नाभी म्हणतो. तिथे ओढाताण करू नका.

अपघात, दंगल, अत्याचार यांचा प्रसंग जसाच्या तसा रात्री पुन्हा पुन्हा येत असेल तर ही पद्धत एकट्याने वापरू नका. अशी स्वप्ने इच्छापूर्तीच्या नियमात बसत नाहीत, हे फ्रॉइडने 1920 मध्ये स्वतःच मान्य केले होते. झोप मोडत असेल, दिवसाही भीती पाठ सोडत नसेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर मुंबईतल्या केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर लगेच फोन करा. डॉक्टरांकडे वही न्यायलाच हवी असे नाही. स्वप्न कधीपासून पडते, आठवड्यातून किती वेळा आणि त्यानंतर पुन्हा झोप लागते का, एवढे लिहून न्या.