कालव्याकाठचा जुना पब आणि लॉक: स्वयंसेवकांनी दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी

इंग्लंडमध्ये कालव्याकाठचा बंद पडलेला पब गावासाठी वाचवायचा, तर थापीच्या आधी कागद हातात घ्यावा लागतो. 2011 च्या लोकलिझम कायद्यानुसार 21 स्थानिक मतदार किंवा पॅरिश कौन्सिल (गावपातळीवरची निवडून आलेली परिषद) त्या इमारतीची ‘असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’, म्हणजे गावाच्या दृष्टीने मोलाची मालमत्ता, म्हणून नोंद मागू शकतात. या कायद्याने ठरवलेल्या मुदती अशा: नोंद 5 वर्षे टिकते. मालकाने विक्री काढली की गावाने 6 आठवड्यांत आपला इरादा कळवायचा, मग विक्रीच्या सूचनेपासून एकूण 6 महिने पैसे उभे करायला मिळतात. मुदती बदलू शकतात, म्हणून अर्जाआधी नोंद करणाऱ्या स्थानिक कौन्सिलकडे खात्री करा. मालकाने गावालाच विकावे असे बंधन नाही, त्यामुळे पब घेण्याचे पैसे उभे करायला गावकऱ्यांना शेअर विकण्याची तयारी नोंदीबरोबरच सुरू करा. त्यासाठी कम्युनिटी बेनिफिट सोसायटी, म्हणजे गावाच्या हितासाठी चालणारी सभासदांची संस्था, सोयीची: शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

इमारत ‘लिस्टेड’, म्हणजे संरक्षित वारसा इमारतींच्या यादीत, असेल, तर तिचे स्वरूप बदलणारे कोणतेही काम, अगदी आतलेसुद्धा, परवानगीशिवाय करणे हा गुन्हा आहे. 2000 पूर्वीच्या बांधकामात अ‍ॅस्बेस्टॉस (ज्याचे तंतू श्वासातून गेले तर घातक ठरतात) असू शकतो. तपासणी होईपर्यंत छत किंवा भिंत फोडू नका. पोटमाळ्यात वटवाघळे असतील तर काम थांबवून परवानाधारक तज्ज्ञाला बोलवा.

ओल दिसली की लगेच भिंतीत रसायन भरण्याची घाई होते. आधी पन्हळी आणि पावसाच्या पाण्याचे पाइप दुरुस्त करा, मग भिंतीलगतची बाहेरची माती आतल्या फरशीच्या पातळीखाली उतरवा. बऱ्याचदा ओलीचे मूळ इथेच असते. फरशीचे दगड काढताना प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक घाला आणि मांडणीचा फोटो ठेवा.

आता चुना. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते, तेही चांगल्या हेतूने. जुन्या मऊ विटांमध्ये सिमेंट भरले की दर्जांमधून (विटांमधल्या सांध्यांमधून) ओल बाहेर पडू शकत नाही. ती विटेतूनच निघते, सोबत क्षार आणते, थंडीत गोठते आणि विटेचा पापुद्रा सुटतो. म्हणून जुने सिमेंट छिन्नी-हातोड्याने सावकाश काढा. ग्राइंडर विटेच्या कडा खातो आणि ती जखम भरून येत नाही. दर्जाची खोली तिच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 20 मिलिमीटर हवी. धूळ झाडून विटा ओल्या करा. कोरडी वीट चुन्यातले पाणी शोषून घेते आणि भरलेला चुना भुगा होतो. मिश्रण एनएचएल 3.5 (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना, आकडा त्याच्या ताकदीचा) 1 भाग आणि भरड, कोनदार, धुतलेली वाळू अडीच ते तीन भाग. लॉकच्या (बोटी वरखाली नेणाऱ्या, दारे असलेल्या कालव्याच्या हौदाच्या) सतत पाण्यात राहणाऱ्या भिंतीसाठी सहसा एनएचएल 5 वापरतात. चुना दाबून भरा, विटेच्या कडेबाहेर पसरू देऊ नका. बोटाचा ठसा उमटेनासा झाला की ताठ ब्रशने ठोका. मग निदान आठवडाभर ओले गोणपाट टांगून ठेवा. तापमान 5 अंशांखाली जाणार असेल तर काम करू नका: ताजा चुना गोठला तर सगळे पुन्हा काढावे लागते.

लॉकच्या भिंतीत उगवलेली झाडे उपटू नका. मुळांसोबत दगडही निखळतात. खोड बुंध्याशी कापा. पाण्याजवळ तणनाशक लावायला एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेची संमती लागते. झाडी तोडण्याचे काम मार्च ते ऑगस्ट टाळा, कारण तेव्हा पक्ष्यांची घरटी असतात. जपानी नॉटवीड हे झपाट्याने पसरणारे उपद्रवी झुडूप दिसले तर हात लावू नका, तुकड्यातूनही ते पुन्हा फुटते.

कालव्याचा तळ गळत असेल तर जागा मळलेल्या चिकणमातीने भरा. पाणी घालून तुडवलेली माती थराथराने घाला, प्रत्येक थर खालच्यात मिसळेल इतका दाबा. ही माती सुकली की तडकते, म्हणून रोज काम थांबवताना ती ओल्या कापडाने झाका आणि काम संपल्यावर कालव्यात पाणी लवकर सोडा. उपसलेला गाळ कायद्याने कचरा मानला जातो. चाचणीआधी काठावर पसरू नका.

कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. जखमेवर जलरोधक पट्टी, हातमोजे आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे ही शिस्त पाळा. नंतर ताप आणि अंगदुखी आली, तर डॉक्टरांना कालव्यातल्या कामाबद्दल आवर्जून सांगा.