फुटबॉल संघाचा विजेतेपदाचा हंगाम मोबाइलवर कसा टिपावा

फायनल सगळेच शूट करतात. त्या दिवशी टचलाइनच्या (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेच्या) बाहेर पालकांच्या मोबाइलची रांग लागते आणि कप उंचावतानाचं एकच दृश्य ग्रुपवर दहा जणांकडून येतं. पण साखळीतल्या दुसऱ्या सामन्यात गोलकीपरने शेवटच्या मिनिटाला अडवलेला तो फटका, ज्याच्या जिवावर संघ बाद फेरीत गेला, तो कुणाकडेच नसतो. हंगाम सुरू होताना हाच संघ जिंकणार हे कुणाला ठाऊक असतं? म्हणून पहिल्या सामन्यापासून शूट करायचं, शून्य-शून्य बरोबरीसुद्धा. शाळेचा संघ डीएसओच्या (जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या) स्पर्धेतून सुब्रतो कपची, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची, वाट धरत असो, सोसायटीची पोरं ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या टर्फवर लीग खेळत असोत किंवा नवी मुंबईतली नेरूळ-वाशीकडची अकादमी असो, पद्धत तीच.

हंगामाआधी

आधी माणूस ठरवा. “जो असेल तो करेल” म्हटलं की कुणीच करत नाही. एक मुख्य आणि तो नसेल तेव्हा एक बदली, असे दोघे पुरेत. ज्याचा मुलगा किंवा मुलगी स्ट्रायकर आहे अशा पालकाला शक्यतो हे काम देऊ नका. त्याच्या चित्रीकरणात बाकीचे दहा जण अर्धेच दिसतात. गोलकीपरची आई सगळ्यात उत्तम, तिची नजर अख्ख्या मैदानावर असते.

मग परवानगी. कोचला विचारा, बाहेरच्या स्पर्धेत आयोजकांना विचारा, आणि पालकांच्या ग्रुपवर स्पष्ट लिहा: काय शूट होणार, कोण बघणार, कुठे ठेवणार. एकाही पालकाला ते जाहीर नको असेल तर ते ग्रुपपुरतंच ठेवा. त्यावर वाद घालत बसू नये.

सामान फार लागत नाही. डोक्याच्या वर जाणारा ट्रायपॉड, तो नसेल तर मोनोपॉड (एका पायाचा स्टँड), पॉवर बँक, लांब केबल, चष्म्याचं कापड. जागेचा हिशेब मात्र आधी करा. नव्या पद्धतीच्या, कमी जागा घेणाऱ्या एचईव्हीसी फाइलमध्ये फुल एचडी, सेकंदाला ३० फ्रेमचं चित्रीकरण मिनिटाला साधारण ६० एमबी खातं, म्हणजे ९० मिनिटांना साडेपाच जीबीच्या आसपास. फोर-केला हेच जवळजवळ तिप्पट. फुल एचडी पुरे आहे. फोर-केच्या हौसेपायी सेकंड हाफमध्ये फोन भरला तर काय उपयोग?

उभं कुठे राहायचं

यावर निम्मं काम अवलंबून आहे. जागा हाफलाइनवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या रेषेसमोर, आणि जितकी उंच मिळेल तितकी. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकातला माली-स्पेन उपांत्य सामना ज्यांनी वरच्या मजल्यावरून पाहिला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वरून बघितलं की संघाचा आकार दिसतो, मोकळी जागा दिसते, पास कुठे जायला हवा होता ते कळतं. खालून दिसतात फक्त पाय आणि पाठी. शाळेच्या मैदानावर पहिल्या मजल्याची गॅलरी मागून घ्या. काहीच नसेल तर पायऱ्या किंवा भक्कम बाक.

बाजू निवडताना सूर्य बघा. मैदान उत्तर-दक्षिण असेल तर टचलाइन पूर्वेला आणि पश्चिमेला येतात. दुपारी चारच्या सामन्याला पश्चिमेकडे उभे राहा, सकाळी आठच्या सामन्याला पूर्वेकडे. सूर्य पाठीशी असला की जर्सीचे नंबर वाचता येतात, समोर असला की सगळे खेळाडू काळ्या सावल्या. दोन्ही हाफ एकाच बाजूने शूट करा. मध्येच पलीकडे गेलात तर एडिटिंगमध्ये आपला संघ कुठल्या दिशेने हल्ला करतोय तेच कळेनासं होतं.

टर्फवर अडचण जाळीची. फोन जाळीवर फोकस करतो आणि मागचा सामना धूसर. उपाय अगदी साधा आहे: लेन्स थेट जाळीच्या एका भोकाला टेकवा. नायलॉनचा धागा लेन्ससमोरून बाजूला झाला की जाळी चित्रातून नाहीशीच होते. चेंडू नेमका तिथेच येऊन आदळायची भीती असते, म्हणून टर्फवर फोन हातात घट्ट धरा, ट्रायपॉडवर सोडून जाऊ नका.

फोनची सेटिंग्ज

आडवा फोन, मागचा कॅमेरा, साधी १x लेन्स. बोटांनी झूम करू नका. त्याने चित्र फक्त ताणलं जातं. मैदानावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात, ते करून ठेवा. नाहीतर ढग आला-गेला की चित्र मध्येच अंधारं, मध्येच उजळ होत राहतं.

रात्रीच्या सामन्यात एक भानगड असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे फ्लडलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण फोन ३० किंवा ६० फ्रेमवर असेल तर व्हिडिओत उजेड फडफडतो किंवा पट्टे सरकतात. २५ किंवा ५० फ्रेम निवडा, शटर (एका फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) हाताने ठेवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० सेकंद. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये पाल फॉरमॅट (आपल्याकडची २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) दाखवण्याचा पर्याय आहे. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही मोफत अॅप्स बघा. स्वस्तातल्या एलईडीवर तरीही फडफड राहू शकते, म्हणून वॉर्म-अपच्या वेळी मिनिटभर शूट करून तपासा.

आणि फोन फ्लाइट मोडवर. ऐन फ्री किकला कुरिअरवाल्याचा फोन आला तर चित्रीकरण तिथेच तुटू शकतं.

सामना चालू असताना

चेंडूच्या मागे फोन पळवायचा नाही. फ्रेममध्ये कमीत कमी एक तृतीयांश मैदान असू द्या, आणि हल्ला ज्या बाजूला चालला आहे त्या बाजूला थोडी जास्त जागा सोडा. चेंडू हवेत गेला तर कॅमेरा वर नेऊ नका. तो कुठे पडणार तिकडे खेळाडू धावतातच, त्यांच्याबरोबर हळू वळा. कॉर्नर असेल तेव्हा कोपरा आणि पेनल्टी बॉक्स दोन्ही दिसायला हवेत.

तोंड बंद ठेवणं सगळ्यात अवघड. माइकच्या सगळ्यात जवळ तुम्हीच असता, त्यामुळे तुमचं “अरे सोड ना बॉल!” कायमचं रेकॉर्ड होतं, आणि कोचचं “मॅन ऑन!” (मागे प्रतिस्पर्धी आहे, सांभाळ) लांब कुठेतरी. बोलायचंच तर गोल झाल्यावर शांतपणे सांगा: नंबर, नाव, कितवं मिनिट. त्यानंतर क्षणभर लेन्ससमोर तळहात धरा. एडिटिंगच्या टाइमलाइनवर तो काळा ठिपका लगेच दिसतो आणि गोल शोधायला दीड तास फिरावं लागत नाही. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत हात काढायचा, एवढंच.

पेनल्टी शूटआउट झालं तर मुख्य फोन गोलकडे स्थिर ठेवा आणि दुसरा कुणाच्या तरी हातात देऊन सेंटर सर्कलकडे वळवा. किक मारणारा आणि गोलकीपर सोडून बाकी सगळ्यांना नियमाने तिथेच थांबावं लागतं. खांद्यावर हात टाकून उभी असलेली रांग, एकाने मान फिरवलेली, एकाने डोळे मिटलेले. मारलेल्या किकपेक्षा हे बघायला जास्त मजा येते.

चेंडूशिवायचं चित्रीकरण

गोलांची मालिका दोनदा बघून होते. पुन्हा पुन्हा काढून बघितलं जातं ते बाकीचं. ठाण्याहून वाशीला ट्रान्स हार्बर लोकलने जाताना दारापाशी रचलेल्या किट बॅगा, स्टेशनबाहेरचा वडापाव, “मॅचआधी तेलकट नको” म्हणणारे कोच आणि तेवढ्यात त्यांच्याच हातातला वडापाव. हाफटाइमला ग्लुकोजच्या पाण्याची एकच बाटली हातोहात फिरताना. पावसाळी सरावानंतर ग्रिलला टांगलेले बूट. बदली खेळाडू, जो हंगामात मोजकी मिनिटं खेळला पण प्रत्येक गोलला सगळ्यात आधी धावत गेला. प्रत्येक सामन्याला अशी चार-पाच दृश्यं, प्रत्येकी दहा सेकंद, फोन न हलवता.

हरल्यानंतरचंही थोडं घ्या, पण दुरून. रडणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर कॅमेरा नेणाऱ्याच्या हातून फोन काढून घ्यावा, या मताचा मी आहे. आणि ग्राउंड्समन, पंच, पाणी आणणारे काका यांना विचारून एकदा तरी फ्रेममध्ये घ्या.

ऊन-पाऊस

उन्हात फोन तापून बंद पडतो. कव्हर काढा, स्क्रीनचा उजेड कमी करा, ट्रायपॉडला छत्री बांधा. पावसातही तीच छत्री. एसी गाडीतून थेट मैदानावर आलात तर दमट हवेत लेन्सवर वाफ धरते, म्हणून फोन थोडा आधी बाहेर काढून ठेवा.

त्याच रात्री

फाइल्स फोनमधून काढून कॉम्प्युटरवर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर, अशा दोन ठिकाणी ठेवा. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय फोनमधलं डिलीट करू नका. नाव देताना तारीख उलटी लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: “२०२५-११-१६ साखळी ऐरोली २-१”. अख्खा हंगाम आपोआप क्रमाने लागतो. वहीत किंवा नोट्समध्ये गोल कुणाचे, पास कुणाचा, एवढं लिहा. मार्चमध्ये आठवेल असं वाटतं, आठवत नाही.

एडिटिंग

नुसते तुकडे कापायचे तर लॉसलेसकट हे मोफत सॉफ्टवेअर चित्राचा दर्जा न घालवता कापतं. पूर्ण फिल्म करायची तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा केडेनलाइव्ह. लांबी वीस-पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नको. पराभव गाळू नका, त्यांच्याशिवाय विजेतेपदाला वजन येत नाही. प्रत्येक खेळाडू निदान एकदा नीट दिसतो का, हे यादी घेऊन तपासा. एक जरी राहिला तर त्याच्या घरी ती फिल्म पुन्हा लागत नाही.

सिनेमाची गाणी टाकली तर यूट्यूब कॉपीराइटची सूचना पाठवतं. त्याऐवजी मैदानावरचाच आवाज वापरा: शिट्टी, आरडाओरडा, बक्षीस समारंभातला ताशा.

वाटप

व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो आवळला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. यूट्यूबवर ठेवायचा तर “अनलिस्टेड”, म्हणजे लिंक असणाऱ्यालाच दिसेल. १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवायला खात्याची फोन नंबरने पडताळणी करावी लागते. मुलांची पूर्ण नावं आणि शाळा वर्णनात लिहू नका. पेन ड्राइव्हवर देणार असाल तर तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

फिल्म झाली म्हणून मूळ चित्रीकरण पुसू नका. पुढच्या वर्षी कोचला तेच सगळ्यात आधी हवं असतं.

क्लबच्या कपाटात आधीच्या एखाद्या विजेतेपदाची व्हीएचएस कॅसेट पडून असेल तर तीही याच डिस्कवर आणा. पण हाती लागेल त्या व्हीसीआरमध्ये घालायची घाई नको. खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी पावडर किंवा तंतू दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ती हमखास धरते, आणि चालवली तर मशीनचं हेड आणि पाठोपाठ पुढची कॅसेटही खराब होते. अशी कॅसेट टेप साफ करून देणाऱ्या माणसाकडेच द्या, आणि देताना पाल पद्धतीत पूर्ण ५७६ ओळींची फाइल मागून घ्या.