शिवणीपाशी सरकलेली नदी

जपानी शिकता शिकता मी एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) छापील प्रवासपुस्तकांकडे वळले. पहिलं वर्षभर ती फक्त स्क्रीनवर पाहिली. १७८० साली निघालेलं ‘मियाको मेइशो झुए’, म्हणजे राजधानीतल्या प्रसिद्ध ठिकाणांचं सचित्र पुस्तक, माझं सगळ्यात लाडकं. मजकूर अकिसातो रितोचा, चित्रं ताकेहारा शुन्चोसाईची. क्योतोची देवळं, डोंगर, पूल, सगळं उंचावरून पाहिल्यासारखं, आणि मधूनमधून धुक्याचे आडवे पट्टे. धुकं म्हणजे शोभा, असं मी वहीत लिहूनही टाकलं होतं.

मग एका ग्रंथालयात जुनी प्रत हातात आली. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात नदीची रेघ मधल्या शिवणीपाशी केसभर खाली सरकलेली! या पुस्तकांत कागद एकाच बाजूने छापायचा, छापील बाजू बाहेर ठेवून मधोमध दुमडायचा आणि सुट्या कडा शिवायच्या. म्हणजे समोर उघडलेली दोन पानं दोन वेगळ्या कागदांची. डोंगराचा एक उतार छपाईच्या एका लाकडी फळीवर कोरलेला, दुसरा दुसरीवर. त्या केसभर फरकाकडे मी कितीतरी वेळ बघत बसले. मग धुक्याकडेही नीट पाहू लागले. पट्ट्याच्या खालचं आणि वरचं ठिकाण नकाशावर शोधलं, तर मधलं अंतर चित्रकाराने धुक्यात गिळून टाकलेलं.

म्हणून सांगते, एकेकटं चित्र सुटं काढून बघू नका, पुस्तक पहिल्या पानापासून चाळा. हिशिकावा मोरोनोबूने चितारलेला १६९० चा तोकाइदोचा, म्हणजे एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो रस्त्याचा, घडीचा नकाशा तर उलगडत गेल्याशिवाय कळतच नाही. वळणावळणाचा रस्ता त्यात पट्टीसारखा सरळ केलाय, आणि दिशा बदलली की तशी खूण.

लिपीही लगेच सुरू करा. चित्रातली गावांची नावं कुझुशिजीत, म्हणजे जुन्या लपेटीदार, सलग लिहिलेल्या अक्षरांत असतात. मी ती सहा महिने टाळली, त्याची फार हळहळ वाटते. मोडी वाचणाऱ्यांची नजर यासाठी आधीच थोडी तयार असते.

वासेदा विद्यापीठ आणि जपानचं राष्ट्रीय संसद ग्रंथालय यांच्याकडे स्कॅन मोफत मिळतात. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारी लावा. चौकटीची रेघ जिथे जास्त तुटलेली, ती प्रत बहुधा लाकडी ठसे झिजल्यावरची.

सुरुवात करायला १७९७ चं ‘तोकाइदो मेइशो झुए’ घ्या. त्यात मेगावा गावच्या खानावळीचं चित्र शोधा आणि शेजारी चित्रकार हिरोशिगेचं तोकाइदो मालिकेतलं ‘इशिबे’ हे चित्र ठेवा. ते याच पानावरून बेतलंय. त्याने काय ठेवलं आणि काय गाळलं, ते एकेक करून टिपा.