अल्टिमा अंडरवर्ल्ड खेळता? मग या चुका टाळा

मे महिन्यात भाचा सुट्टीत आमच्याकडे आला. वणी तालुक्यातलं गाव, दुपारी बारा ते पाच बाहेर पाय टाकायची सोय नाही. कूलरमध्ये पाणी ओतायचं आणि त्याच्यासमोर पडून राहायचं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर आजकालचे मोठे गेम चालत नाहीत, म्हणून त्याला 'अल्टिमा अंडरवर्ल्ड: द स्टिजियन अबिस' लावून दिला. अर्ध्या तासात पोरगा तीनदा मेला. मग म्हणतो, "मामा, हा गेम बिघडून राह्यला."

गेम ठणठणीत होता. पण त्याची तक्रार ऐकून मला माझेच जुने दिवस आठवले. मीही असाच पहिल्या मजल्यावर आठवडाभर मरत होतो. म्हणून हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा गेम मार्च १९९२मध्ये आला. बनवला ब्लू स्काय प्रॉडक्शन्स कंपनीने (हेच लोक पुढे लुकिंग ग्लास झाले) आणि बाजारात आणला ओरिजिन कंपनीने. वुल्फेन्स्टाइन थ्रीडी हा गाजलेला गेम त्यानंतर दोन महिन्यांनी आला आणि त्यात मान वर-खाली करायचीही सोय नव्हती. यात मात्र वर-खाली बघता येतं, उडी मारता येते, पाण्यात पोहता येतं. ब्रिटानिया नावाच्या काल्पनिक राज्यातल्या एका सरदाराची, बॅरन अल्मरिकची, मुलगी एरियल पळवली जाते. आळ तुमच्यावर येतो. तिला शोधून आण म्हणून तुम्हाला एका प्रचंड गुहेत ढकलतात आणि मागून दार लावून घेतात. खाली आठ मजले. कुठं जा, काय कर, हे सांगणारा बाण नाही की यादी नाही.

आधी लॅपटॉपची दुखणी

गेम डॉस या जुन्या प्रणालीचा आहे, त्यामुळे आजच्या विंडोजवर तो डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्राममधून चालतो. जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरून घेतलात तर डॉसबॉक्स सोबतच येतो, वेगळी खटपट नाही. इन्स्टॉलर एकदा उतरवून ठेवला की पुन्हा नेट लागत नाही. आमच्याकडे टॉवरची रेंज गच्चीवर आणि तीही पहाटे, तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

पहिला फोन हमखास येतो तो "माउस अडकला" म्हणून. माउस डॉसबॉक्सने धरून ठेवलेला असतो. कंट्रोल धरून एफ१० दाबा, सुटतो. पूर्ण स्क्रीन हवी-नको असेल तर ऑल्ट आणि एंटर. दुसरी तक्रार वेगाची: कुणाचा गेम गोगलगायीसारखा, तर कुणाचा अंगात आल्यासारखा पळतो. कंट्रोल-एफ११ने वेग कमी होतो, कंट्रोल-एफ१२ने वाढतो. लॅपटॉपवर बऱ्याचदा सोबत एफएन बटणही धरावं लागतं. एकदम दहादा दाबू नका. दोनदा दाबा, चालून बघा, मग पुन्हा.

गेम सेव्ह केला तरी दुसऱ्या दिवशी सापडत नसेल तर तो कुठं टाकलाय ते बघा. प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये विंडोज जुन्या गेमांना नीट लिहू देत नाही. सरळ डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि तिथं टाका.

आता सेव्हचंच. गेममध्ये सेव्हच्या जागा चारच आहेत, आणि आपोआप सेव्ह होणं हा प्रकार यात नाही. आपल्या गावात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. रात्री थ्री-फेज आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, घरचा बल्ब पिवळा पडतो आणि बॅटरी मेलेला लॅपटॉप डोळे मिटतो. माझे तीन तास असेच गेले आहेत. चारही जागा फिरवत वापरा. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा सेव्ह केलंत आणि नेमकं अवघड जागी अडकल्यावर ते केलेलं असलं, तर मागे जायला वाटच उरत नाही.

चालायची बटणंही बोटांना फसवतात. डब्ल्यूने माणूस पळतो आणि एसने हळू पुढे चालतो. आजच्या गेमांत एस म्हणजे मागे. भाचा मागे सरकायला एस दाबायचा आणि सरळ राक्षसाच्या मिठीत जायचा. मागे जायला एक्स आहे.

दिसला की हाणला

सगळ्यात मोठी चूक ही, आणि तिच्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे.

पहिल्या मजल्यावर गॉब्लिन, म्हणजे परीकथांतले छोटे राक्षस, भेटतात. हिरवे वेगळे, राखाडी वेगळे, दोघांचं आपसात जमत नाही. आजचा कुठलाही गेम खेळलेल्या पोराच्या डोक्यात गॉब्लिन म्हणजे मारायची वस्तू. तो तलवार काढतो, एकाला मारतो, मग अख्खी वस्ती अंगावर येते. इथं या लोकांना राजा आहे, रखवालदार आहेत, शेजाऱ्यांबद्दलची गाऱ्हाणी आहेत. तलवार म्यान करून समोर जा, बोलायचं चिन्ह निवडा आणि त्यांच्यावर टिचकी मारा. बरेच जण बोलतात.

त्यामागे कथेतलंच कारण आहे. सर कॅबिरस नावाच्या माणसाने या गुहेत वसाहत वसवली होती. माणसं, पहाडी बुटके, सरडेमाणसं, गॉब्लिन, सगळ्यांनी सोबत राहावं म्हणून. तो मेला आणि वसाहत मोडली. पण माणसं तिथंच राहिली, आपापले मजले धरून. म्हणजे तुम्ही भुताटकीच्या बिळात उतरलेले नाही, मोडक्या गावात उतरलेले आहात. आणि मोडक्या गावात पाहुण्याने कसं वागावं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आधी रामराम, मग चौकशी.

व्यवहारही बोलण्यातूनच होतो. इथं दुकानातल्यासारखी भावाची पाटी नाही. त्याची वस्तू एका बाजूला, तुमची दुसऱ्या बाजूला, आणि मग घासाघीस. वणीच्या आठवडी बाजारात फिरलेल्याला हे लगेच जमेल. फक्त फार कमी देऊन चिकटून बसू नका, समोरचा वैतागतो.

आणि ज्याला मारलंत त्याच्यापाशी तुम्हाला हवी असलेली माहिती होती, हे कळायला कधी कधी चार मजले जावे लागतात.

बी खिशात ठेवून मरणारे

पहिल्याच मजल्यावर एक चंदेरी बी सापडतं. नवा खेळाडू ते उचलतो, पिशवीत टाकतो आणि विसरतो. काही जण विकायलाही निघतात. शेतकऱ्याच्या पोराने तरी असं करू नये.

ते बी मातीच्या जमिनीवर लावायचं. फरशीवर किंवा दगडावर नाही, माती बघून. मृगाची वाट पाहायची नाही, सरकी डोबतो तसं डोबून मोकळं व्हायचं, झाड तिथंच उभं राहतं. यानंतर तुम्ही मेलात की त्या झाडापाशी पुन्हा जागे होता. एवढी मोठी सोय गेमने हातात दिलेली असते आणि माणसं सेव्ह पुन्हा उघडत बसतात.

पण याच्या पुढची चूक मी स्वतः केली आहे. झाड पहिल्या मजल्यावर लावलं आणि खुशाल पाचव्यापर्यंत उतरलो. मेलो तर थेट वर. पुन्हा सगळी उतरण पायी. झाडावर 'वापरा'चं चिन्ह चालवलं की त्याचं परत बी होतं. मजला बदलताना झाड काढा, खाली गेल्यावर चांगली जागा बघून पुन्हा लावा. जिन्याजवळ असेल तर उत्तम.

दिवा, भाकर, झोप

आमचे काका भूमिगत कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. कानावर हात ठेवून भाच्याच्या मागे बसायचे आणि स्क्रीनकडे बघायचे. एकदा पोरगा काळ्याकुट्ट बोगद्यात तसाच धावत सुटला तर काका ओरडलेच, "अबे, दिवा कुठं हाय तुया? आंधारात कायले पळून राह्यला?"

मशाल जळते आणि संपते. ती हातात किंवा खांद्याच्या जागेवर असली तरच उजेड, पिशवीत टाकली की काही उपयोग नाही. कंदील मिळाला तर त्यात तेलाची कुपी ओतता येते. झोपण्याआधी विझवा, नाहीतर उठल्यावर हातात बुडखा. आणि जादू जमायला लागली की 'इन लॉर' म्हणून उजेड करता येतो, मग मशालींचं ओझं कमी होतं. काका सांगतात, खाली उतरायच्या आधी टोपीवरचा लाइट लावून बघायचा आणि खाली गेल्यावर छत दांडीने ठोकून आवाज ऐकायचा, त्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. गेममध्ये छत कोसळत नाही, पण उडी मारायच्या आधी मान खाली घालून बघायला काय जातं? वर-खाली बघायला एक, दोन, तीन हे आकडे आहेत. ते बटण माहीतच नसलेले लोक मी पाहिले आहेत.

भूकही लागते. पोट रिकामं ठेवून झोपलात तर झोपेचा गुण येत नाही. मक्याचं कणीस आणि पेटती मशाल एकत्र आणली की लाह्या होतात. काकांना गेममधली आवडलेली गोष्ट हीच. काठी आणि दोरा जोडला की गळ होतो, पाण्याकाठी बसून मासे धरता येतात. बिनकामाची वाटणारी काठी फेकू नका, एवढंच यातून घ्यायचं. आणि जे उचलवत नाही ते एखाद्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवा. परत याल तेव्हा तिथंच असतं.

हत्यार

माउसचं उजवं बटण भराभर दाबणं ही चूक. बटण धरून ठेवा, स्क्रीनवरचं रत्न भरू द्या, मग सोडा. माउसचा बाण स्क्रीनच्या वरच्या भागात असेल तर घाव डोक्यावरून, मध्ये असेल तर आडवा, खाली असेल तर खुपसणारा. हत्यारं झिजतात. चांगली तलवार घेऊन बंद दारं फोडत बसाल तर दारासोबत तीही जाते, दारासाठी एखादा फालतू सोटा वेगळा ठेवा. ऐरणीवर स्वतः दुरुस्ती करता येते, पण कसब नसताना केलेली दुरुस्ती म्हणजे आमच्या गावातल्या एका मेकॅनिकने उघडलेली माझी गाडी. दोन नट उरतात आणि कशाचे ते कळत नाही. कसब कमी असेल तर दुसऱ्या मजल्यावरच्या बुटक्यांकडे जा.

मंत्र पाठ नसणे

तुमची पातळी वाढली तरी कौशल्य आपोआप वाढत नाही, आणि इथं लोक महिनोन् महिने अडकतात. देवस्थानापाशी जाऊन मंत्र म्हणावा लागतो, म्हणजे अक्षरशः टाइप करावा लागतो. लढाईच्या कौशल्यांसाठी 'सुम रा', जादूसाठी 'मु आह्म', बाकी कौशल्यांसाठी 'ओम काह'. इंग्रजी अक्षरं चुकली की मंत्र लागू पडत नाही. एकेका कौशल्याचे वेगळे मंत्रही आहेत. ते कुणाकुणाच्या तोंडून कळतात, म्हणजे पुन्हा बोलण्यावरच गाडी येते. म्हणून सुरुवातीलाच म्हटलं, गॉब्लिनला मारू नका.

सुरुवातीला आपल्या पात्राचा पेशा निवडताना मेंढपाळ घेऊ नका, पहिलाच खेळ असेल तर. आपल्याकडच्या धनगरांची काठी काय करू शकते ते मला ठाऊक आहे, पण गेमवाल्यांनी त्यांना फार कच्चं केलंय. लढवय्या घ्या. डावखुरे असाल तर तेही विचारतात, तसं सांगा. १९९२मध्ये एवढा विचार केलेला बघून मला अजून बरं वाटतं.

नकाशा आहे, पण वही हवीच

चालाल तसा नकाशा आपोआप काढला जातो, आणि त्यावर स्वतःच्या नोंदी लिहिता येतात. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. 'बंद दार, किल्ली नाही', 'इथं पूल मोडला', असं त्या त्या जागी लिहा. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, गेमला काही अडत नाही.

तरी एक शाळेची वही जवळ असू द्या. तिसऱ्या मजल्यावर सरडेमाणसांची वस्ती आहे आणि त्यांना आपली भाषा येत नाही. उत्तर कळलं नाही की नवखे अंदाजाने काहीतरी निवडतात आणि बोलणं फिस्कटतं. त्याच मजल्यावर एक मुका कैदी आहे. तो खाणाखुणांनी त्यांचे शब्द शिकवतो. एकेक शब्द, त्याचा अर्थ, असं वहीत लिहून घ्यावं लागतं. गेम तुमच्यासाठी लक्षात ठेवत नाही.

आमच्या भाच्याने हे काम काकांना दिलं. काका चष्मा लावून, कापसाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर ते शब्द लिहायचे आणि त्याला मोठ्याने सांगायचे. जूनमध्ये पोरगा शाळेसाठी परत गेला तेव्हा ते चौथ्या मजल्यावर होते. त्यानंतर दोनदा मी रात्री पाणी प्यायला उठलो, तर लॅपटॉप सुरू आणि काका एका बोटाने कळफलक चाचपत बसलेले.

"काका, झोपा आता."

"थांब रे, झाड लावतो आन् झोपतो."