अ‍ॅब्लेशन टिकवायचं असेल तर

फुफ्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरा डाव्या अलिंदाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला, जिथे मिळतात, तिथूनच एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराची, सुरुवात बहुतेकदा होते. हे १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. अ‍ॅब्लेशनमध्ये त्या तोंडांभोवती डाग देऊन विजेची वाट तोडतात. डागांच्या रांगेत फट राहिली, किंवा सूज उतरल्यावर अर्धवट भाजलेल्या भागातून वीज पुन्हा जायला लागली, की ठोके परत बिघडतात.

म्हणून आधीच विचारा: रेडिओफ्रिक्वेन्सीने (उष्णतेने) डाग देणार असतील तर कॅथेटरचा, म्हणजे जांघेतून हृदयात घातलेल्या नळीचा, दाब मोजला जातो का, शेजारच्या दोन डागांत ६ मिमीपेक्षा जास्त अंतर राहत नाही ना, सगळ्या शिरांची विजेची वाट तुटल्यावर वीसेक मिनिटं थांबून पुन्हा तपासतात का. मिरज असो की पुणे, हे विचारल्याचा डॉक्टरांना राग येत नाही. येत असेल तर दुसरा डॉक्टर बघा.

पुढचं काम घरचं, आणि खरी ढिलाई तिथेच होते. अलिंद ताणलेलंच राहिलं तर डाग कितीही पक्के असोत, ठोके बिघडवणारी नवी ठिकाणं पेटतात. २०१५ च्या अ‍ॅडलेडच्या अभ्यासात ज्यांनी १० टक्के वजन उतरवून टिकवलं त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. वजन सारखं खालीवर करणाऱ्यांचा फायदा घटला. म्हणजे ९० किलोवाल्याने ८१ वर यायचं आणि तिथेच राहायचं. जांघेतली जखम भरली की आमराईत चालायला सुरुवात करा. रक्तदाब १३०/८० च्या आत हवा; रोज संध्याकाळी वाटीभर भडंग आणि वर लोणचं चालू असेल तर गोळी एकटी काय करणार! दारू बंदच. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा, आणि तसं होत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी किमान दोन-तीन महिने चुकवायची नाही. पुढे ती चालू ठेवायची का, हे पक्षाघाताच्या धोक्यावर ठरतं, ‘आता बरं वाटतंय’ यावर नाही. यातली रिव्हारोक्साबॅन २० मिग्रॅ ही गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. रक्त पातळ करणारी दुसरी गोळी, अ‍ॅसिट्रॉम, चालू असेल तर मेथी-पालक सोडू नका, प्रमाण सारखं ठेवा. गुडघेदुखीला मनाने डायक्लोफेनॅक घेऊ नका, रक्तस्राव होतो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठोके अधूनमधून चुकले तर घाबरू नका, सूज असते; डॉक्टरांना मात्र कळवा. धडधड चालू असतानाच ईसीजी काढायचा. जत-आटपाडीहून सांगली गाठेपर्यंत ठोके ताळ्यावर येतात आणि कागदावर काहीच सापडत नाही. जवळ जिथे मशीन असेल तिथे काढा, फोटो डॉक्टरांना पाठवा. घरी नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा.

एका गोष्टीत थांबू नका. पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं किंवा हातपाय लुळे पडणं दिसलं तर अन्ननलिकेला इजा झालेली असू शकते. दुर्मीळ आहे, पण जीवघेणं आहे. जिथे जाल तिथे ‘अ‍ॅब्लेशन झालंय’ हे पहिलं वाक्य. अशा वेळी घशातून दुर्बीण घालू देऊ नका, त्यातली हवा मेंदूत जाऊ शकते. आधी छातीचा सीटी स्कॅन.