‘वय झालंय त्यांचं’ या उत्तरावर थांबू नये अशी तक्रार: ज्येष्ठांच्या उपचारांबद्दल

ज्येष्ठ माणसाच्या उपचारांबद्दल तक्रार केली की एक उत्तर तयारच असतं: वय झालंय, असं व्हायचंच. कधीकधी ते खरंही असतं. म्हणून तक्रार अशी लिहावी लागते की वयामुळे काय झालं आणि काम न केल्यामुळे काय झालं, हे वेगवेगळं दिसेल. त्यासाठी सगळ्यात उपयोगी कागद डॉक्टरांकडे नसतो, तो घरच्यांनी लिहायचा असतो. आजारी पडण्याआधीच्या दोन आठवड्यांत त्यांना काय काय जमत होतं, याची अर्ध्या पानाची नोंद. किती चालत होते, काठी लागत होती का, स्वतःच्या हाताने जेवत होते का, माणसं ओळखत होते का, लघवी-शौचाला आपापले जात होते का, वजन किती, पाठीवर किंवा टाचांवर जखम होती का. दाखल करतानाच ही नोंद देऊन केसपेपरला लावायला सांगितली तर उत्तमच. राहून गेलं असेल तर आता लिहा, पण तारीख आजचीच घाला. मागची तारीख टाकलेला एक कागद सापडला की बाकीच्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पेशंट अजून वॉर्डात असेल तर

लेखी तक्रारीला दिवस लागतात, बिघडणाऱ्या तब्येतीला तास. त्यामुळे आधी तोंडी सांगा: ड्यूटीवरच्या सिस्टरला, मग वॉर्डच्या प्रमुख सिस्टरला, मग ज्यांच्या नावाखाली दाखल केलंय त्या डॉक्टरांना. "बरं वाटत नाहीये त्यांना" असं सांगितलं तर कोणी धावत येत नाही. आकडे सांगा. श्वास मिनिटाला 25 किंवा जास्त, वरचा रक्तदाब 90 किंवा कमी, ऑक्सिजन 91 टक्के किंवा कमी, नाडी 131 किंवा जास्त, किंवा काल नव्हता असा गोंधळ आज सुरू झालेला. तब्येत किती बिघडलीय हे गुण देऊन ओळखायच्या न्यूज-2 या प्रचलित पद्धतीत यातल्या प्रत्येक गोष्टीला 3 गुण आहेत, आणि एकाच निकषावर 3 गुण आले तरी डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहणं अपेक्षित असतं. (फुफ्फुसाचे काही जुने विकार असलेल्यांसाठी ऑक्सिजनचे आकडे वेगळे धरतात.) सांगितलेली वेळ आणि ऐकणाऱ्याचं नाव तिथेच वहीत टिपा.

तक्रार केली तर आपल्याच माणसाकडे दुर्लक्ष होईल, ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. ती कमी करायला एकच उपाय बऱ्यापैकी चालतो: घरातून एकच जण बोलेल असं ठरवायचं. तीन मुलं, दोन सुना आणि एक भाचा वेगवेगळ्या वेळी येऊन तोच प्रश्न विचारू लागले की वॉर्ड अंग काढून घेतो, आणि प्रत्येकाला मिळालेली उत्तरंही एकमेकांशी जुळत नाहीत.

तक्रार कोणाची, सही कोणाची

पेशंट शुद्धीवर असेल, सांगितलेलं त्यांना समजत असेल, तर तक्रार त्यांची आहे. त्यांना विचारा, आणि "माझ्या वतीने अमुक व्यक्ती तक्रार करेल, तिला माझी कागदपत्रं द्यावीत" अशा पत्रावर सही किंवा अंगठा घ्या. मुलगा किंवा मुलगी असणं म्हणजे आपोआप अधिकार मिळणं नव्हे. नुसतं वय जास्त आहे म्हणून माणूस निर्णय घ्यायला असमर्थ ठरत नाही. ते खरोखर सांगू शकत नसतील, तर तसं अर्जात लिहा आणि तुम्हाला कोणत्या नात्याने किंवा कोणत्या कागदाच्या आधारे बोलायचंय ते नमूद करा. बहुतेक अर्ज पहिल्यांदा परत येतात ते इथेच.

कागद नावानिशी मागा

"सगळे रिपोर्ट द्या" म्हटलं की डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट हातात पडतात. ज्येष्ठांच्या तक्रारीत खरा मजकूर सिस्टरच्या नोंदींत असतो. अर्जात नावं घाला: सिस्टरच्या रोजच्या नोंदी, औषधं दिल्याच्या वेळांचा तक्ता, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजनचा तक्ता, पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली याचा तक्ता, कूस बदलल्याचा तक्ता, पडण्याच्या धोक्याची तपासणी, संमतिपत्रं, एक्स-रे आणि स्कॅनच्या मूळ प्रतिमा. नोंदी संगणकावर असतील तर कोणती नोंद कधी बदलली याचा तपशीलही मागता येतो. मिळालेल्या प्रतींवर काहीही लिहू नका. झेरॉक्स काढून तिच्यावर खुणा करा आणि पानांना क्रमांक द्या.

मग या कागदांत काय शोधायचं?

कमरेखाली किंवा टाचेवर जखम झाली असेल तर दाखल होतानाची त्वचेची नोंद आधी पाहा. ती नसेल तर जखम घरूनच आली होती असं म्हटलं जाऊ शकतं. तिथे तुमची ती अर्ध्या पानाची नोंद कामी येते. बेडसोरच्या, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेच्या, चार पायऱ्या असतात: दाबल्यावर न जाणारी लाली, वरची कातडी गेलेली, चरबी दिसणारी, आणि स्नायू किंवा हाड उघडं पडलेली. पहिल्या पायरीची नोंद कुठेच नाही आणि थेट तिसरीची आहे, तर मधल्या दिवसांत पाठ कोणी पाहिली हा प्रश्न रास्त आहे. हलता न येणाऱ्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची ही वॉर्डातली जुनी पद्धत. रात्रभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, घड्याळ लावून केल्यासारख्या दिसल्या तर तेवढंच लिहा: "नोंदी अशा दिसतात, त्या कधी केल्या?" खोट्या आहेत असं म्हणू नका. जखमेचा फोटो पेशंटच्या परवानगीने, शेजारी पट्टी ठेवून, तारखेसह काढा.

अचानक सुरू झालेला गोंधळ हा दुसरा मोठा विषय. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणारा, सकाळी कमी, रात्री जास्त असा गोंधळ म्हणजे डिलिरियम. तो विसराळूपणा नव्हे, आणि बहुतेक वेळा त्यामागे शोधण्यासारखं कारण असतं: संसर्ग, पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, वेदना, नवं झोपेचं किंवा गुंगीचं औषध. तक्रारीतला प्रश्न "आई भ्रमिष्ट का झाली" असा नको. "12 तारखेच्या रात्री गोंधळ सुरू झाला, त्यानंतर 24 तासांत कारण शोधायला कोणत्या तपासण्या केल्या, आणि झोपेचं इंजेक्शन कोणत्या कारणासाठी दिलं?" असा हवा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. वजनाच्या दर किलोमागे तासाला किमान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी, असं साधारण धरतात. 60 किलोच्या माणसाला तासाला 30, म्हणजे दिवसाला 720 मिलिलिटर. तक्त्यात त्यापेक्षा बरीच कमी दिसली, तर ती पाहून कोणी काय केलं ते विचारा. पार्किन्सनच्या गोळ्यांकडे वेगळं लक्ष द्या. त्यातलं मुख्य औषध लेव्होडोपा वेळेवर न मिळाल्यास शरीर ताठरतं, गिळणं अडतं. आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड किंवा शांत करायचं हॅलोपेरिडॉल या पेशंटना सहसा देत नाहीत. पडल्याची घटना असेल तर वेळ, डॉक्टरांनी तपासल्याची वेळ, डोक्याला मार लागला होता का आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू होती का, एवढं चारच गोष्टींचं टिपण पुरतं.

पत्र

दीड पान, जास्तीत जास्त चार-पाच मुद्दे. बारा मुद्दे लिहिले की उत्तर सगळ्यात हलक्या मुद्द्याला मिळतं: कँटीन, पार्किंग, रिसेप्शनचं बोलणं. प्रत्येक मुद्द्यात क्रम असा ठेवा: काय झालं, केव्हा, कोणत्या पानावर नोंद आहे, परिणाम काय झाला, आणि तुमचा प्रश्न. पाहिलेलं, ऐकलेलं आणि अंदाज केलेलं यांची सरमिसळ करू नका. "सिस्टरनी जाणूनबुजून छळ केला" हे वाक्य गेलं की पुढचं सगळं वकिलाकडे जातं; "3 ते 6 या काळात बेल चार वेळा वाजवली, 6.10 ला कोणी आलं" याला उत्तर द्यावंच लागतं.

शेवटी काय हवंय ते स्पष्ट लिहा: खुलासा, लेखी दिलगिरी, पद्धतीत बदल, की बिलातली रक्कम परत. हे न लिहिल्यास "आपल्या भावनांची दखल घेतली आहे" एवढ्यावर बोळवण होते. पत्राची पोच आणि तक्रार क्रमांक घ्या. फोनवर काही ठरलं तर त्याच संध्याकाळी ईमेलने "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून कळवा. बैठकीला दोघं जा. एकाने बोलावं, दुसऱ्याने फक्त लिहावं.

उत्तर आलं की आपल्या प्रश्नांशेजारी ठेवून वाचा. "योग्य ती काळजी घेण्यात आली" हे उत्तर नव्हे. ती कोणत्या पानावर दिसते ते विचारा. नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही असं सिद्ध होत नाही, पण काम झालं हे दाखवणं मग त्यांना अवघड जातं.

रुग्णालयाबाहेर

इथे दारं वेगवेगळी असतात. डॉक्टरांचं किंवा परिचारिकांचं नियमन करणारी संस्था त्यांच्या वर्तणुकीचा विचार करते, भरपाईचा मार्ग सहसा वेगळा असतो. भरपाईसाठी वाईट परिणाम पुरेसा नाही; काळजीत कसूर झाली आणि त्या कसुरीमुळेच नुकसान झालं, हे दोन्ही दाखवावं लागतं. त्यासाठी त्याच शाखेच्या दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत घ्या आणि त्यांना नेमका एकच प्रश्न विचारा.

आणि बाहेर तक्रार करायची मुदत पाहून ठेवा. रुग्णालयाशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून बाहेरची मुदत थांबेलच असं नाही. पहिल्याच आठवड्यात ती तारीख शोधून कॅलेंडरवर लिहा. पेशंट दगावला असेल आणि कारणाबद्दल शंका असेल, तर शवविच्छेदनाचा निर्णय अंत्यविधीआधी, काही तासांतच घ्यावा लागतो.